अडलं तर कोण येणार?

22 सप्टेंबर 2025, सोमवार. घटस्थापना. दिवाळी महिन्यावर आली होती आणि नेमक्या त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. तोवर पाकीटबंद, लेबल लावलेल्या फरसाणावर 12 टक्के कर होता आणि सुट्या फरसाणावर 5. लालबागच्या चिवडा गल्लीच्या भाषेत सांगायचं, तर एकाच कढईतून निघालेला चिवडा परातीतून तोलून दिला की एक दर आणि छापील पिशवीत भरून सील केला की दुसरा. घटस्थापनेपासून दोन्ही 5 टक्क्यांवर आले. गिऱ्हाइकाला बरं, दुकानदारालाही बरं. पण जिथे कॉम्प्युटरवर बिल निघतं तिथे आत शिरून प्रत्येक पाकिटाचा दर बदलायचा होता, आधीच्या दराने झालेल्या विक्रीला धक्का लावायचा नव्हता आणि त्यातला माल परत आलाच, तर तो जुन्याच दराने वळता करायचा होता. जे कंपोझिशन योजनेत आहेत ते सुटले, त्यांना बिलावर कर दाखवायचाच नसतो. बाकीच्यांचं काम म्हटलं तर पाच-दहा मिनिटांचं. फक्त ते येणारा माणूस त्या वेळी दुकानात नसतो. मालक गल्ल्यावर, कारागीर भट्टीवर आणि हिशेब बघणारा आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी येणारा.

छोट्या धंद्याला परवडणारं सॉफ्टवेअर हा विषय निघाला की बोलणं किमतीवरच होतं. महिन्याला पाचशे की वर्षाला पाच हजार, एका मशीनवर की तीन. माझं मत थोडं वेगळं आहे. गिरगाव ते परळ या पट्ट्यातला दुकानदार पैशाला चिकट असेल, पण त्याचं सॉफ्टवेअर किमतीवर अडत नाही. पंचवीस-तीस हजारांचा इलेक्ट्रॉनिक काटा आणि बिलाचा प्रिंटर तो कुरकुर न करता घेतो, कारण काटा बिघडला तर काटेवाला येतो हे त्याला ठाऊक असतं. सॉफ्टवेअर विकायला आलेल्या पोराला तो भाव विचारतो तो रिवाज म्हणून. खरा प्रश्न पुढचा असतो: अडलं तर कोण येणार? या प्रश्नाला ज्यांच्याकडे उत्तर होतं ते टिकले. त्यातले दोघं-तिघं आपल्या जवळचे आहेत. एक तर मुंबईतलाच.

त्याआधी या शहराबद्दल एक गोष्ट नोंदवायला हवी. भारतातल्या सॉफ्टवेअर उद्योगाची सुरुवात मुंबईत झाली. टाटा कन्सल्टन्सी 1968 ची, अंधेरीचं सीप्झ हे निर्यात क्षेत्र 1973 चं. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत इथल्या हजारो इंजिनिअरांनी जगभरच्या बँका आणि विमा कंपन्यांचे हिशेब लिहिले. त्यातले कितीतरी दादर-परळलाच राहायचे, सकाळी अंधेरीची लोकल पकडायचे. त्यांच्या इमारतीखालच्या वाण्याचा हिशेब मात्र लाल कापडाच्या वहीतच राहिला: रोजकीर्द, खतावणी, तेरीज. यात कुणाचा दोष नाही. अमेरिकन बँक एका करारात जेवढे पैसे द्यायची तेवढे मिळवायला अख्ख्या रानडे रोडवर फिरावं लागलं असतं, आणि तरी मिळाले नसते.

आणि वाण्याने कॉम्प्युटर घेतला तेव्हा तो लॅमिंग्टन रोडवरून घेतला. डॉ. भडकमकर मार्ग हे त्याचं कागदोपत्री नाव अजून कुणाच्या तोंडी बसलेलं नाही. तिथे मशीन असेंबल करून मिळायचं आणि जोडणारा पोरगा जाता जाता विंडोज, ऑफिस आणि हिशेबाचं पॅकेज त्यात ‘टाकून’ द्यायचा. वेगळे पैसे नाहीत. स्वस्त सॉफ्टवेअर करू पाहणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रतिस्पर्धी हा होता: शून्य रुपयांची चोरीची कॉपी. किंमत कमी ठेवून तिच्याशी लढता येत नाही, कारण शून्याच्या खाली जाता येत नाही.

या पट्ट्यात आजही हिशेब म्हणजे टॅली. ते बंगळुरूचं, पण त्याच्या जन्माची कथा परळच्या माणसाला परकी वाटणार नाही. श्यामसुंदर गोएंका कापड गिरण्यांना आणि कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवायचे. त्यांना मनासारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून मुलाने, भरत गोएंकांनी, ते लिहायला घेतलं. कंपनी 1986 ची, नाव प्यूट्रॉनिक्स. तेव्हाच्या पॅकेजांत प्रत्येक खात्याला सांकेतिक क्रमांक द्यावा लागे. रोख म्हणजे अमुक आकडा, बँक म्हणजे तमुक. यांनी ते काढून टाकलं. खात्याचं नाव जसं वहीत, तसंच पडद्यावर. मुनिमाला आकडे पाठ करायला न लावणं हा खरा शोध होता. बाकी सगळं नंतर आलं.

नंतर जे आलं त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे माणसं. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींत ‘टॅली येणे आवश्यक’ हे वाक्य वर्षानुवर्षं छापून येतंय. दादर-परळच्या क्लासांत बारावी कॉमर्स झालेल्या मुली टॅली शिकतात आणि त्यावर नोकरीला लागतात. शिवाय पार्टटाइम अकाउंटंट नावाची एक संस्थाच इथे उभी आहे. गिरणीच्या ऑफिसात किंवा एखाद्या पेढीवर उमेदवारी केलेला माणूस किंवा त्याचा मुलगा, चार-पाच दुकानं धरतो, प्रत्येकाकडे आठवड्यातून एकदा जातो, एंट्री मारतो, पेन ड्राइव्हवर बॅकअप घेतो आणि महिन्याच्या 11 आणि 20 तारखेच्या आत रिटर्नचं बघतो. दुकानात कोणतं सॉफ्टवेअर असावं हे मालक ठरवत नाही, हा माणूस ठरवतो. आणि तो अर्थातच स्वतःला येतं तेच सांगतो. टॅली मराठीतही चालतं, त्याला बरीच वर्षं झाली. पण शिकवणारे इंग्रजीत शिकवतात म्हणून वापरणारेही इंग्रजीतच वापरतात.

एक गोष्ट दबक्या आवाजात बोलली जाते, ती इथे मोकळेपणाने लिहितो. हिशेब मागे जाऊन बदलता येणं ही दुकानदाराच्या लेखी सोय असते. कच्चं बिल आणि पक्कं बिल हे शब्द बाजारात कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांना असं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक झालं की ज्यात केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद राहील आणि ती बंद करता येणार नाही. पण हा नियम कंपनी कायद्याखालचा आहे. लालबागचं दुकान बहुधा मालकाच्या एकट्याच्या नावावर किंवा भागीदारीत असतं, त्याला तो लागू नाही. नवं, पारदर्शक, सगळं एकमेकांत गुंतलेलं सॉफ्टवेअर घेऊन येणाऱ्याला या बाजारात थंड प्रतिसाद मिळतो, त्याचं एक कारण तंत्रज्ञानात नसून इथे आहे. सॉफ्टवेअरवाले आपल्या सादरीकरणात ते लिहीत नाहीत, एवढंच.

आता पुण्याला जाऊ, कारण अडल्यावर येणाऱ्या माणसानेच सॉफ्टवेअर काढलं तर काय होतं, याचं मराठीतलं सर्वात ठळक उदाहरण तिथलं आहे. कैलास काटकर मूळ सातारा जिल्ह्यातले. दहावीनंतर शिक्षण सुटलं आणि ते कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागले, पगार महिन्याला चारशे रुपये. पुढे स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं, कॅल्क्युलेटरवरून कॉम्प्युटरकडे वळले आणि 1993 मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू केली. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता. त्याने शिकावं हा हट्ट कैलासांचा.

त्या दिवसांत दुरुस्तीला येणाऱ्या मशीनपैकी कितीतरी आतून ठणठणीत असायची, आजारी असायची ती फ्लॉपी. व्हायरस फ्लॉपीबरोबर गावभर फिरायचे. त्यातला एक तर आपल्याच आडनावाचा: 1990 मध्ये भारतात सापडलेला ‘जोशी’ व्हायरस. दरवर्षी 5 जानेवारीला तो मशीन अडवून बसायचा आणि कळफलकावर ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं लिहून दिल्याशिवाय पुढे सरकू द्यायचा नाही. हा जोशी कोण, हे कधीच कळलं नाही. शनिवार पेठेत की गिरगावात, यावर तेव्हा पैजा लागल्या असत्या. विनोद सोडला, तर दुरुस्तीवाल्यासाठी ही रोजची डोकेदुखी होती: मशीन साफ करून द्यायचं आणि आठ दिवसांनी तेच गिऱ्हाईक पुन्हा दारात. संजय एकेका व्हायरसवर सफाईची छोटी साधनं लिहू लागला. त्यांचीच मोट बांधून 1995 मध्ये क्विक हील बाजारात आलं, परदेशी पॅकेजांच्या तुलनेत बऱ्याच कमी किमतीत.

इथपर्यंत ही कथा सगळ्यांना माहीत असते आणि ती ‘चारशे रुपयांपासून कोट्यवधींपर्यंत’ अशा मथळ्याखाली छापली जाते. मला त्यातलं विक्रीचं तंत्र जास्त महत्त्वाचं वाटतं. काटकरांनी सॉफ्टवेअर विकलं ते दुरुस्ती करणाऱ्यांमार्फत. गावोगावचा हार्डवेअरवाला हाच त्यांचा विक्रेता. दुकानाचं मशीन अडलं की ज्याला फोन जातो त्याच्याच बॅगेत क्विक हीलचं खोकं. दर वर्षी नूतनीकरणाच्या निमित्ताने तो पुन्हा येणार, त्यात त्याचेही चार पैसे सुटणार. कॉपी चोरून मिळत असूनही लोकांनी ते विकत घेतलं याचं मुख्य कारण हे. चोरलेल्या अँटीव्हायरसला रोजचे ताजे अपडेट मिळत नाहीत, हे दुसरं. 2007 मध्ये कंपनीने उत्पादनाचंच नाव घेतलं, 2010 मध्ये सिकोया कॅपिटलने 60 कोटी गुंतवले, फेब्रुवारी 2016 मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली. तोपर्यंत बाहेरचं जग बदललं होतं. विंडोजमध्येच संरक्षण फुकट येऊ लागलं होतं, माणसं मोबाइलवर गेली होती, आणि आठवड्याला मशीन उघडणारा हार्डवेअरवालाही दिसेनासा होत चालला होता. कंपनीचा पुढचा प्रवास मोठ्या संस्थांच्या सुरक्षेकडे वळला.

मुंबईतला माणूस म्हणजे ऋषभ मेहता. सॉफ्टवेअर त्यांच्या शिक्षणाचा विषय नव्हता. शिक्षण इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचं आणि घरचा धंदा फर्निचरचा. त्या धंद्यात ईआरपी बसवण्याचा प्रयत्न झाला आणि तो फसला. ईआरपी म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन, विक्री, पगार आणि हिशेब एकाच ठिकाणी बांधणारं सॉफ्टवेअर. फर्निचरसारख्या धंद्यात ते का फसतं, हे ज्याने कपाट बनवून घेतलंय त्याला समजेल. एका कपाटाला प्लायवूड, सनमायका, बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनेल, हँडल, पॉलिश लागतं. मापं ठरतात, सुताराचं काम सुरू होतं आणि मग घरातल्या बाई सांगतात की खालचा कप्पा चपलांसाठी हवाय. कागदावरचा माल आणि गोदामातला माल तिथून जो वेगळा होतो तो पुन्हा एकत्र येत नाही. तयार पॅकेजात बदल करायचा तर कंपनीला लिहा, खर्चाचा अंदाज येईल, मग दिवस मोजा.

मेहता प्रोग्रामिंग स्वतःहून शिकले आणि स्वतःच लिहायला बसले. 2008 मध्ये वेब नोट्स टेक्नॉलॉजीज ही कंपनी झाली. आज तिचं नाव फ्रापे. सॉफ्टवेअरचं नाव ईआरपीनेक्स्ट. सुरुवात इतरांसारखीच, मासिक वर्गणीवर. मग काही वर्षांतच त्यांनी सगळा कोड खुला केला. परवाना जीपीएल: कुणीही उतरवून घ्यावं, वापरावं, बदलावं, फक्त बदललेलं दुसऱ्याला दिलं तर त्याचा कोडही द्यावा. ज्या पायावर ते उभं आहे त्या फ्रेमवर्कचा परवाना तर याहून सैल. पुष्कळ वर्षं कंपनी बाहेरच्या भांडवलाशिवाय चालली. नंतर गुंतवणूक आली ती झेरोधा या शेअर दलालीच्या कंपनीच्या रेनमॅटरकडून, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरवर स्वतःचा धंदा उभा केलेल्यांकडून.

मग पैसे कुठून येतात? सॉफ्टवेअर फुकट, ते आपल्या सर्व्हरवर सांभाळून चालवून देण्याचे पैसे, अडल्यावर मदतीचे पैसे. बसवून देणाऱ्या स्वतंत्र भागीदारांचं जाळं आहे आणि ते आपली कमाई आपण करतात. लॅमिंग्टन रोडच्या पोराने नकळत जे केलं होतं तेच इथे राजरोस झालं: कॉपी शून्य रुपयांना, पैसे हाताच्या कामाचे. कोड खुला असण्याचा या पट्ट्याला होणारा फायदा मात्र किमतीत नाही. कंपनी उद्या बंद पडली, किंवा तिचं मन बदललं, तरी तुमचा डेटा आणि तो वाचणारं सॉफ्टवेअर दोन्ही तुमच्याजवळ राहतात. दुसरा कुणी येऊन ते चालवू शकतो.

गिरगावात हे समजावून सांगायला लागू नये. खाडिलकर रोडवर, कांदेवाडीत, लग्नपत्रिकांची दुकानं रांगेने आहेत, आणि आसपासच्या छापखान्यांनी नव्वदच्या दशकात खिळे टाकून डीटीपी घेतलं. मराठी टाइप करायला श्रीलिपीसारखी पॅकेजं होती, मशीनच्या मागे डोंगल लावल्याशिवाय न चालणारी. काम उत्तम व्हायचं. पण प्रत्येक पॅकेजमध्ये अक्षरांमागचे संकेत वेगळे होते. युनिकोड आल्यावर कळलं की जुन्या फायली उघडल्या तर ‘चि.’ आणि ‘सौ.कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा चुरा दिसतो. मजकूर आपला, टाइप आपण केलेला आणि किल्ली दुसऱ्याकडे. रूपांतर करणारी साधनं पुढे निघाली, तरी कितीतरी मजकूर पुन्हा टाइप झाला. हिशेबाच्या बाबतीत असं झालं तर पुन्हा टाइप करायला कोण बसणार?

तरीही एक गोष्ट स्पष्ट म्हणतो: ईआरपीनेक्स्ट चिवड्याच्या दुकानासाठी नाही. वीस-तीस माणसांचं वर्कशॉप, मसाल्यांचे दहा-बारा प्रकार दळून चार जिल्ह्यांत पाठवणारा, दोन शाखांचं क्लिनिक, छोटी शाळा यांना ते भरपूर पुरतं. एका गल्ल्याच्या दुकानाला त्यातले नव्वद टक्के पडदे कधीच उघडावे लागणार नाहीत, आणि उघडले तर गोंधळच होईल. फ्रापेने इंटरनेटशिवाय एका मशीनवर चालणारं, फुकटचं ‘फ्रापे बुक्स’ही काढलंय, ते या मापाला जवळचं आहे. पण लालबागमध्ये ते बसवून देण्यात कुणाचाच चरितार्थ नाही, त्यामुळे ते सांगायलाही कुणी येत नाही. फुकट वस्तूला विक्रेता नसतो, ही मुक्त सॉफ्टवेअरची जुनी अडचण आहे आणि मेहतांच्या कंपनीलाही ती पूर्ण सुटलेली नाही.

मधल्या काळात फुकटाचा दुसरा एक अवतार येऊन गेला. 2018 ते 2021 च्या दरम्यान उधारीची वही मोबाइलवर आणणारी अॅप पसरली, खाताबुक आणि ओकेक्रेडिट ही त्यातली मोठी. महेंद्रसिंग धोनी खाताबुकची जाहिरात करायचा. उधारी लिहिली की गिऱ्हाइकाला आपोआप निरोप जायचा, हे खरंच कामाचं होतं. पण ते फुकट होतं ते गुंतवणूकदारांच्या पैशावर, आणि असा पैसा कधीतरी वसुलीला येतोच. दुकानदाराला कर्ज द्या, अमुक विका, तमुक जोडा. उधारी मागायला संकोच वाटतो म्हणून अॅप घेतलेल्या माणसाला शेवटी अॅपच कर्ज घ्या म्हणून मागे लागलं.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये निघालेलं ‘दुकान’ हे अॅपही त्याच लाटेतलं, ऑनलाइन दुकान थाटून देणारं. जुलै 2023 मध्ये त्याचे संस्थापक सुमित शाह यांनी जाहीर केलं की ग्राहकमदतीतली 90 टक्के माणसं काढून तिथे चॅटबॉट बसवला आहे आणि तक्रार सुटायला लागणारा वेळ दोन तासांवरून तीन मिनिटांवर आला आहे. त्यावर गदारोळ झाला, तो माणसं काढल्याबद्दल आणि ते ज्या थाटात सांगितलं त्याबद्दल. माझ्या मुद्द्याला मात्र हे उदाहरण आडवं जातं, ते नाकारण्यात अर्थ नाही. अडल्यावर येणारा कोणी माणूसच असला पाहिजे का? पेमेंट आल्याची वर्दी देणारा स्पीकर आज या पट्ट्यातलं सर्वांत पसरलेलं सॉफ्टवेअर आहे. दादरच्या फूलबाजारात पहाटे चारला तो मराठीत आकडे बोलतो, त्याचं महिन्याचं भाडं विक्रेते निमूट भरतात आणि तो बिघडला तर बदलून घेतात. त्याला शिकवायला कुणी यावं लागलं नाही. फक्त तो एकच काम करतो. हिशेबात दहा कामं एकमेकांत अडकलेली असतात, आणि परत आलेल्या मालाचं बिल जुन्या दराने वळतं करायचं की नव्या, याचं उत्तर तीन मिनिटांत पण चुकीचं मिळालं, तर नोटीस दुकानदाराच्या नावाने येते, चॅटबॉटच्या नाही.

लोअर परळला गंमत बघायला मिळते. कमला मिल, फिनिक्स मिल यांच्या आवारात आता काचेची ऑफिसं आहेत आणि त्यांतल्या काहींत याच विषयावर, छोट्या दुकानदारांसाठी सॉफ्टवेअर या विषयावर, माणसं दिवसभर चर्चा करतात. तिथून चिवडा गल्ली चालत अर्ध्या तासाच्या आत आहे. मधे रेल्वेचे रूळ आहेत आणि 1982 च्या संपानंतर ज्या घरांनी खानावळ, शिवणयंत्र किंवा मसाल्याच्या ऑर्डरी यावर दिवस काढले, ती घरं आहेत. त्यांतल्या काहींचे आज बऱ्यापैकी धंदे झाले आहेत. त्यांना जीएसटी क्रमांक आहे, पाकिटावर बारकोड आहे, दुबईला माल जातो. हिशेब मात्र अजून एका माणसाच्या डोक्यात आणि एका पेन ड्राइव्हवर.

त्यांच्यावर पुढचा दाब ई-इन्व्हॉइसचा येईल. दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेलं प्रत्येक बिल आधी सरकारी पोर्टलवर नोंदवायचं, तिथून क्रमांक आणि क्यूआर कोड घ्यायचा आणि मगच ते पक्कं. ऑक्टोबर 2020 मध्ये हे 500 कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना लागू झालं. मग 100 कोटी, 50, 20, 10 असं उतरत ऑगस्ट 2023 पासून ते 5 कोटींवर आलं. 5 कोटी म्हणजे घाऊक फरसाण आणि घाऊक पत्रिकांच्या अगदी दारात. ही मर्यादा आणखी खाली आली की हाताने फाडलेल्या बिलांवर चालणारी मधली दुकानं एका रात्रीत सॉफ्टवेअरची गिऱ्हाइकं होतील. त्या दिवशी पहिला फोन बंगळुरूला जाणार नाही, पुण्याला नाही आणि मुंबईतल्या फ्रापेच्या ऑफिसातही नाही. तो जाईल आठवड्यातून एकदा येणाऱ्या त्या पार्टटाइम अकाउंटंटला, आणि तो क्लासात जे शिकला असेल ते त्या दुकानात बसेल.